डाव्या हाताचा अभिप्राय

३ जून

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर 'माननीय ग्रंथपाल' असं होतं, म्हणून मी ते कार्यालयीन टपालात ठेवलं आणि चार दिवस उघडलं नाही. माननीय ग्रंथपाल म्हणजे मीच, हे तुला माहीत आहे. आपल्या वसाहतीच्या वाचनालयात ग्रंथपाल, कारकून, धूळ झटकणारी आणि निघताना पंखे बंद करणारी असं सगळं मिळून एकच माणूस आहे आणि ते माणूस तुझी सख्खी मोठी बहीण आहे, हेही माहीत आहे. तरी आत 'महोदया'. चार वर्षांनी पत्र, आणि त्यात 'महोदया'.

तर महोदयेचं उत्तर असं.

तू लिहितेस की कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि शेवटची प्रकरणं बदलायची असतील तर प्रकाशकाने जूनअखेरपर्यंत मुदत दिली आहे. कादंबरी याच वसाहतीवर बेतलेली, खून इथल्याच पाण्याच्या टाकीपाशी झालेला, म्हणून इथल्या वाचकांना शेवट पटला की नाही ते तुला हवं आहे. अभिप्रायांच्या नकला पाठवा, असं म्हणतेस. म्हणजे आमचा नियम तू विसरलेली नाहीस. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागद चिकटवलेला असतो. पुस्तक परत करताना त्यावर दोन ओळी लिहायच्या, मगच दुसरं पुस्तक मिळतं. हा नियम जुन्या ग्रंथपालांचा. मी त्यात एकच भर घातली आहे: रहस्यकथेच्या अभिप्रायात खुनी कोण ते फोडायचं नाही. ही सूचना प्रत्येक रहस्यकथेत तांबड्या शाईत, माझ्या अक्षरात लिहिलेली आहे. तुझ्याही पुस्तकात आहे.

नकला खालीलप्रमाणे.

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई: "मेलेल्या बाईंच्या कोटाला पान १२ वर चार बटणे आहेत, पान ९० वर पाच. मला वाटले पाचव्या बटणावरून खुनी सापडणार. बटणाचे पुढे काहीच होत नाही."

निवृत्त पोस्टमास्तर: "सोमवारी दुपारी टाकलेले पत्र मंगळवारी सकाळी पोचल्याचे दाखवले आहे. आमच्या काळी असे घडत नव्हते, आताही घडत नाही. बाकी भाषा बरी."

दातांचे डॉक्टर: "दातांवरून वय ठरवण्याची पद्धत चुकीची दिली आहे. लेखिकेने कुणाला तरी विचारायचे होते. माझा दवाखाना टाकीच्या समोरच आहे."

एवढेच आहेत. पुस्तक फारसं बाहेर जात नाही, फळीवरच असतं. नव्याची नवलाई होती ती संपली.

माझं मत तू विचारलेलं नाहीस, तेव्हा ते देत नाही. वाचलं आहे अर्थातच. शेवटाबद्दल चार वर्षांपूर्वी फोनवर जे बोलले, त्यात बदल नाही.

आपली विश्वासू,
ग्रंथपाल

ता. क. मागच्या पानावरचा फोटो पाहिला. केस कापलेस. वाईट दिसत नाहीत.


१० जून

बारके,

बरं बाई, पकडलंस. तू वितरकाला फोन करून विचारशील असं मला वाटलं नव्हतं. हो, वाचनालयाने तीन प्रती घेतल्या. हो, तिन्ही बाहेर आहेत. प्रतीक्षायादीत आज एकतीस नावं आहेत आणि ती यादी मीच लिहिते, त्यामुळे आकडा मला तोंडपाठ आहे. सकाळच्या बसचा चालक एकदा वाचून झाली तरी रोज खिडकीत डोकं घालून "आली का हो ती?" असं विचारतो, जशी काही मी ती पदराखाली लपवून बसले आहे. एकदा खरंच लपवली होती. टेबलाच्या खणात, नऊ दिवस. खण अडकलाय, सुतार यायचाय, असं सांगितलं.

आता राहिलेले अभिप्राय घे.

तोच बसचालक: "शेवटच्या थांब्यावर गाडी उभी करून वाचत बसलो. सात मिनिटे उशिरा सुटलो. माझ्यावर तक्रार झाली. पश्चात्ताप नाही."

दातांच्या डॉक्टरांची बायको, नवऱ्याच्या अभिप्रायाच्या बरोब्बर खाली: "ह्यांचे मनावर घेऊ नये. मी दोनदा वाचली."

शाळेच्या मुख्याध्यापिका: "असे डोळे असलेली मुलगी आपल्या वसाहतीत वाढली आणि आपल्याला पत्ताही नव्हता."

हा शेवटचा मी दोनदा उतरवला आणि दोनदा फाडला. मुख्याध्यापिका वीस वर्षं माझ्याकडून पुस्तकं नेतात. त्या दारातून आत आल्या की चेहरा बघून मी ओळखते आज जाड पुस्तक द्यायचं की पातळ. निकालाचे दिवस असले की विनोदी काढून ठेवते. त्यांना हे सगळं आपोआप होतं असं वाटतं. माझ्याही चेहऱ्यावर दोन डोळे आहेत, पण त्याबद्दल वीस वर्षांत एक ओळ कुठे लिहिलेली मला आठवत नाही.

बोलायला लागलेच आहे तर बोलूनच टाकते, नाहीतर पोटात राहील.

ही गोष्ट कुणाची आहे, बारके? आईची दवाखान्यात सकाळपाळी असायची. मी चौदा-पंधरा वर्षांची, तू सात-आठ. केस विंचरताना तू भोकाड पसरायचीस म्हणून तुला गप्प करायला मी गोष्ट सांगायचे. टाकीशेजारचं नऊ नंबरचं घर, अर्धाच ओढलेला पडदा, गॅलरीत खुर्ची टाकून लोकांच्या दोरीवरचे कपडे मोजणारी म्हातारी, पिवळी स्कूटर. रोज एक माणूस मारायचे मी तुझ्या वेणीपायी. केसांत गुंता जास्त असेल त्या दिवशी दोन. आणि तू काय करायचीस? "मग?" म्हणायचीस. या कादंबरीत तुझा वाटा तेवढाच.

आता पडदा तुझा, म्हातारी तुझी, स्कूटरसुद्धा तुझी. आभारांच्या पानावर तेरा जण आहेत. मी बोट ठेवून मोजले. त्यात तुझी मांजर आहे.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे खुनी मी. टाकीच्या पायरीवर एक दात मोडलेला कंगवा सापडतो आणि सगळ्यांच्या माना मोठ्या बहिणीकडे वळतात. तो कंगवा अजून माझ्या कपाटात आहे. वसाहतीत कुणाला कळत नसेल असं वाटतं का तुला? इस्त्रीवाला परवा चादरी देताना माझ्याकडे बघून हसला. नेहमीही हसतो, पण परवा जास्त हसला.

आणखी एक गोष्ट, ग्रंथपाल म्हणून कळवते. प्रत क्रमांक एकच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: 'खून मोठ्या बहिणीने केला.' अक्षर वेडंवाकडं आहे. तपास चालू आहे. सापडला तर सभासदत्व रद्द करीन.

ताई


१७ जून

बारके,

तुझं कार्ड आलं. अख्ख्या कार्डावर चारच शब्द. 'ताई, कुठला शेवट वाचलास?'

मी लगेच उत्तर लिहिलं, 'कुठला म्हणजे? छापलेला.' पाकिटात घातलं, तिकीट चिकटवलं. तेवढ्यात नळ दुरुस्त करणारे आले. वसाहतीची टाकी साफ करतात तेच. त्यांनी प्रत क्रमांक एक परत केली, उभ्याउभ्याच अभिप्राय लिहिला आणि मी तो सवयीने वाचला. जसाच्या तसा देते:

"पेन्सिलवाल्याने फसवले. सगळे पुस्तकभर मोठीवर डोळा ठेवून बसलो आणि निघाली धाकटी. मजा आली. पण टाकीचे झाकण धाकटीच्याने उचलणार नाही. ते मी रोज उचलतो. मोठीने केला असता तर पटले असते."

मी म्हटलं, "अहो, नियम आहे. खुनी सांगायचा नसतो."

"मग आधी त्या पेन्सिलवाल्याला धरा की."

"त्याने..." मी म्हटलं आणि शिक्क्याचं पॅड पुढे ओढलं.

"त्याने चुकीचा सांगितलाय," ते म्हणाले. "म्हणून तर रंगत आली. आमच्या गल्लीतले चौघं तीच प्रत मागतायत. पेन्सिलवालीच द्या म्हणतात, दुसरी नको."

ते गेले. मी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत बसले. एकाच पुस्तकावर तीन वेळा मारला.

आता ऐक. तपास संपला आहे. पेन्सिलवाला मीच.

तुझं पुस्तक आलं त्या दिवशी मी ते घरी नेलं आणि पान १९६ पर्यंत एका बैठकीत वाचलं. १९६ वर तो कंगवा सापडतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला वाटलं, झालं, ठरलं हिचं, आता पुढची साठ पानं वसाहतीसमोर माझी धिंड निघणार. पुस्तक मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत पहिल्या पानावर ती ओळ लिहिली. माझं अक्षर इथे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं, म्हणून डाव्या हाताने लिहिली. माझा हिशेब सोपा होता. खुनी आधीच कळला की रहस्यकथा कोण वाचतंय? चार दिवसांत पुस्तक फळीवर येईल आणि धूळ खाईल. मी माझ्या हाताने ती धूळ झटकीन.

आणि झालं काय, तर माझ्यामुळे तुझं पुस्तक जास्तच चाललं. मला हसावं की रडावं कळत नाही.

एक जण सोडून कुणाला संशय नाही. पोस्टमास्तर मागच्या महिन्यात प्रत परत करताना हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं पाकिटांवरचे पत्ते वाचलेत मी. माणूस हात बदलतो, वळण नाही बदलत. मी कुणाला बोलायचो नाही." मी पेन्सिलीला टोक काढत राहिले. टोक दोनदा मोडलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कुठलाच नाही. मी कुठलाच शेवट वाचलेला नाही. सोमवारी वाचनालय बंद असतं. सोमवारी वाचते.

ताई


२२ जून, सोमवार दुपार

वाचलं.

खुनीसुद्धा तूच?

मला वाटलं होतं निदान तेवढं तरी माझ्याकडे ठेवशील. गोष्ट सांगणारी तू, कौतुक तुझं, फोटो तुझा आणि शेवटी पोलिसांच्या गाडीत मान ताठ ठेवून बसणारीही तूच. मोठी बहीण बिचारी दारात टॉवेल घेऊन उभी. तो टॉवेल कशाला दिलास तिच्या हातात? वाचून इतका राग आला की मी उठून घरातले सगळे टॉवेल घड्या करून ठेवले.

पण मग मी टेबलाशी बसले आणि माझं काम केलं. तिन्ही प्रती परत आल्या तशा मी या आठवड्यात अडवून ठेवल्या होत्या, त्यांतले अभिप्राय एकत्र लावले. सत्तावीस आहेत. एकोणीस जणांनी शेवट पटला नाही असं लिहिलं आहे. मी खडूसपणे निवडलेले नाहीत, सगळेच्या सगळे सोबत जोडले आहेत, बघ. बहुतेकांचं म्हणणं एकच आहे: धाकटी त्या म्हाताऱ्या बाईंना मारेल कशाला? बाई तर तिच्यावर जीव टाकत होत्या. मुख्याध्यापिकांनी दुसऱ्यांदा वाचून पुरवणी जोडली आहे. "लेखिकेला खरे कारण माहीत आहे आणि ती ते सांगत नाही, असे वाटत राहते."

या बाईंचं डोकं चालतं, हे मान्य करावं लागेल.

आता तुझ्या कार्डाचा अर्थ माझ्या ध्यानात येतो आहे. कुठला शेवट, म्हणजे शेवट दोन आहेत. एक छापलेला, आणि एक तू चार वर्षांपूर्वी मला पाठवलेल्या हस्तलिखितातला. ते हस्तलिखित माझ्याकडेच आहे. कपाटात, चादरींच्या खाली, तू दोऱ्याने बांधलंस तसंच. गाठ तुझीच आहे.

समजलं ना, बारके? गाठ तुझीच आहे.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'ताई, तू हो म्हणालीस तरच प्रकाशकाकडे देईन.' मी ते पाकीट तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर ठेवलं. रोज त्याच्या कडेने ताट मांडून जेवले. उघडायची हिंमत झाली नाही. वाईट असेल याची भीती नव्हती. चांगलं असेल याची होती. मग तुझा फोन आला आणि मी म्हटलं, "वाचलं. शेवट पटला नाही." रहस्यकथेला कुणीही हे म्हणू शकतं, वाचावी लागत नाही. तू विचारलंस, "काय पटलं नाही, ताई?" माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं. म्हणून मी आवाज चढवला. सगळं मीच सांगायचं तर तू कशाला लेखिका झालीस, असं म्हटलं आणि फोन ठेवला. तू रडलीस की नाही ते मला माहीत नाही. त्यानंतर तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. मी लहानाने आधी करायचा म्हणून वाट बघत होते.

आणि तू शेवट बदललास. मी न वाचता दिलेल्या मतावर. अशी कशी गं तू?

आता गाठ सोडते.


२४ जून

माझ्या बारके,

काल वाचनालय उघडलं नाही. दारावर 'तब्येतीमुळे बंद' अशी पाटी लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसचालकाने खालच्या फटीतून चिठ्ठी टाकली: 'बरं वाटतंय का? आणि ती आली का?'

तुझं हस्तलिखित पूर्ण वाचलं. त्यात खून मोठी करते. म्हणजे मी १९६ पानावर बरोबर ओळखलं होतं, फक्त पुस्तक चुकीचं होतं.

पान २१४ आलं तेव्हा मी उठून पाणी प्यायले. परत येऊन तेच पान पुन्हा वाचलं.

हे तुला कुठून कळलं, असं मी विचारणार होते. मग आठवलं, तू तिथेच होतीस. तुला घरी एकटीला सोडता येत नव्हतं म्हणून मीच तुला सोबत नेलं होतं. नऊ नंबरच्या उंबऱ्यावर बसून तू सँडलच्या पट्ट्यांशी खेळत होतीस. मला वाटलं, आठ वर्षांचं पोर, त्याला काय कळतंय.

आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. माझी एक वही होती. दोनशेपानी, त्यात नऊ गोष्टी, नऊच्या नऊ गोष्टींत खून. मी ती नऊ नंबरच्या बाईंना वाचायला दिली होती, कारण त्यांनी जन्मभर शाळेत भाषा शिकवली होती आणि वसाहतीत त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी ती महिनाभर ठेवून घेतली. तो महिना मी कसा काढला ते विचारू नकोस. मग त्यांनी बोलावलं, वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो तुझं." मी थांबले. मला वाटलं, अजून काही बोलतील. त्या म्हणाल्या, "वाचनालयात असं अक्षर लागतं. तिथे विचारून बघ."

आणि मग त्या तुझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? तू काय करतेस?"

तू म्हणालीस, "मी ताईच्या गोष्टी ऐकते. पण शेवट मी बदलते."

बाई इतक्या हसल्या. त्यांनी तुला जवळ ओढलं आणि तुझ्या डोक्यावरून मला म्हणाल्या, "हिच्यात काहीतरी आहे बरं का."

मागे एका पत्रात मी खोटं लिहिलं होतं. तू नुसतं "मग?" म्हणत नव्हतीस. तू म्हणायचीस, "असं नको ताई, तिने नाही मारलं, आपण दुसरं करू." आणि तुझा शेवट माझ्यापेक्षा चांगला असायचा. दर वेळी. मी तुझ्या केसांतून कंगवा मुद्दाम जोरात ओढायचे तो त्यासाठीच.

त्या दिवशी मी वही टाकीत टाकली, हेही तुला माहीत आहे. झाकण मी उचललं होतं. जड होतं, पण उचललं. नळवाले बरोबर म्हणतात, धाकटीच्याने उचललं नसतं. तू खालच्या पायरीवर उभी राहून बघत होतीस. तू लिहिलं आहेस की दोन दिवस सगळ्या वसाहतीच्या नळांना निळसर पाणी आलं. तसं काही झालं नव्हतं. पण ते राहू दे, चांगलं आहे.

बाईंना मी मारलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंथरुणात झोपेतच गेल्या. शेवटची सहा वर्षं मी त्यांना पुस्तकं घरी नेऊन देत होते आणि वसाहत मला किती मायाळू म्हणायची. शेवटचं पान फाटलेली रहस्यकथा आली की ती मी वेगळी काढून बाईंसाठी ठेवायचे. सहा वर्षांत अशा अकरा दिल्या. त्या म्हणायच्या, "अगं, याचं शेवटचं पान कुठाय?" मी म्हणायचे, "लोक किती निष्काळजी असतात ना, बाई." हे तुला माहीत नव्हतं. हे तुझ्या कादंबरीत नाही. हवं तर घाल.

आता कामाचं बोलते. आज चोवीस आहे. पोस्टमास्तरांना विचारलं, ते म्हणाले आत्ता टाकलं तर सत्तावीसला मिळेल, कादंबरीतल्यासारखं सोमवारचं मंगळवारी समजू नका. तेव्हा तुझ्याकडे तीन दिवस आहेत.

पहिला शेवट परत घाल. एकोणीस वाचकांना जे कारण सापडत नाही ते पान २१४ वर आहे आणि ते तू माझ्यासाठी काढून टाकलंस. मला वाईट वाटू नये म्हणून तू स्वतःला खुनी केलंस आणि पुस्तकाचा शेवट बिघडवलास. असं करायचं नसतं. लेखिकेने तर अजिबातच नाही. पुन्हा घातलंस की सगळी वसाहत वाचेल आणि इस्त्रीवाला खरोखरच जास्त हसेल, हे मला माहीत आहे. हसू दे. तो माझ्या चादरी तरीही इस्त्री करीलच.

फक्त एक दुरुस्ती. पान २१४ वर, बाई अक्षर सुंदर आहे म्हणतात तेव्हा मोठी खाली बघून गप्प राहते, असं तू लिहिलं आहेस. ती गप्प राहिली नव्हती. तू पट्ट्यांत गुंतली होतीस, तुला ऐकू आलं नसेल. ती म्हणाली, "थँक्यू, बाई." हसून म्हणाली. ते घाल. त्याशिवाय पुढचा खून पुरता पटत नाही.

माझं जळणं थांबलंय असं समजू नकोस. आज सकाळी पाटी काढली तर मुख्याध्यापिका दारात उभ्या, आणि पहिला प्रश्न काय, तर "तुमची बहीण आता पुढे काय लिहितेय?" माझी तब्येत त्यांनी नंतर विचारली. मी त्यांना जाडजूड, बारीक टाइपाचं काहीतरी दिलं. पण त्या निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तू पुढे काय लिहितेस हे मलाही माहीत नाही, आणि मला ते त्यांच्या आधी कळायला हवं आहे. नवीन काही बांधून पाठवलंस तर या वेळी गाठ त्याच दिवशी सुटेल. काय पटलं नाही ते पानाच्या आकड्यासकट सांगीन.

आणि आभारांत मला घालू नकोस. मांजरीच्या शेजारी मला बसायचं नाही.

प्रत क्रमांक एकमधली पेन्सिलीची ओळ मी खोडलेली नाही. चौघं तीच मागतायत, आणि तू शेवट बदललास की ती ओळ खरीच होणार आहे. मात्र नियम म्हणजे नियम. मी पुस्तक घरी नेलं, वाचलं, परत आणलं, तेव्हा दोन ओळी लिहिणं मला भाग होतं. आज वाचनालय उघडल्यावर पहिलं काम तेच केलं. नळवाल्यांच्या खाली जागा होती. शाईने लिहिलं, उजव्या हाताने, माझ्या अक्षरात. माझीच तांबडी सूचना मोडून. नक्कल तुझ्यासाठी:

"खून मोठ्या बहिणीनेच केला आहे. कारण मला पूर्ण पटले.
— लेखिकेची मोठी बहीण"